ओल्या मातीतला प्रयोग

हरभऱ्याच्या वावरातून सकाळी चालून आलं की टाचांच्या भेगा चुरचुरतात. पानांवरच्या दवात हरभऱ्याची आंबट आंब उतरलेली असते. ती पायजम्याच्या काठाला लागते आणि दुपारपर्यंत तो काठ पापडासारखा कडक होऊन बसतो. पौष लागला की दरवर्षी हे होतं. माझ्या नावावर एक गुंठाही जमीन नाही. नोकरीची सगळी वर्षं मी या गावच्या शाळेत विज्ञान शिकवलं आणि सकाळ-संध्याकाळ दुसऱ्यांच्या धुऱ्या-बांधांवरून फिरलो. बायको मला बिनवावराचा कास्तकार म्हणते. या दिवसांत तुरीच्या शेंगा वाळून खुळखुळायला लागतात, कापसाचा दुसरा वेचा चाललेला असतो, लांबवर गिरडची टेकडी धुरकट दिसते. लोकांना हा हंगाम आवडतो. मलाही आवडायचा. गेली नऊ वर्षं मात्र तो आला की मी कपाटातला खडूचा एक जुना डबा आणखी मागे सरकवून ठेवतो.

यंदा तो मागे सरकवायच्या आतच नितीन आला. नितीन म्हणजे माझे मित्र पुरुषोत्तमभाऊ यांचा मुलगा. तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप, पण अजून मला सर म्हणतो आणि अजून चप्पल बाहेर नीट जोडीनं काढतो. पुरुषोत्तमभाऊंना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांची बंदूक पोलीस ठाण्यात जमा आहे आणि तिचा पीकसंरक्षणाचा परवाना नितीनच्या नावावर होण्याचं काम शेवटाला आलं आहे. रानडुकरांनी त्याचा हरभरा दोनदा उकरला. वनखात्याकडे त्याने मारण्याच्या परवानगीचा अर्जही टाकलाय. खुर्चीवर बसल्या बसल्या त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला.

"सर, हे पाहा. तिकडचे लोक पिस्तुलानं शिकार करून राह्यले."

मोबाइलवर एक गोरा, पोट सुटलेला माणूस होता. त्याच्या हातात मनगटाएवढ्या जाड नळीचं पिस्तूल, आणि समोरच्या टेबलावर पाच तऱ्हेच्या गोळ्या ओळीने मांडलेल्या. तो एकेक गोळी एकामागे एक ठेवलेल्या जेलीच्या तीन पारदर्शक ठोकळ्यांत झाडायचा, मग ठोकळा कापून ती बाहेर काढायचा आणि पट्टीने मोजायचा. पोकळ तोंडाची गोळी आत जाऊन मिरचीच्या भज्यासारखी फुगली होती आणि थोड्या अंतरावर थांबली होती. जड, बोथट गोळी होती तशीच राहून तिन्ही ठोकळ्यांतून आरपार गेली होती. तो मन लावून सगळं तक्त्यात लिहीत होता. मला त्याचा राग यावा असं त्यात काही नव्हतं, पण माझी नजर कपाटाकडे गेली.

"तुमी आन बाबानं असंच केलतं ना?" नितीन म्हणाला. "बाबा सांगे, मास्तरनं वहीत लिवून ठेवलं आहे मनून. मंग मले सांगा, काडतूस कोणतं घेऊ? एकगोळी का छर्रा?"

मी म्हणालो, उद्या सांगतो. आयुष्यभर पोरांना सांगत आलो की प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर 'येत नाही' म्हणा. उत्तर येत असूनही तोंडातून निघत नसेल तेव्हा काय म्हणायचं, ते मी कधी शिकवलं नाही.

ती वही आहे माझ्याकडे. शाळेच्या प्रयोगवहीसारखीच. उजवीकडे रेघा, डावीकडे आकृत्यांसाठी कोरं पान. उद्देश: रानडुकरासाठी बारा बोअरच्या दोन प्रकारच्या काडतुसांची तुलना करणे. साहित्य: एकनळी बंदूक, एकगोळीचे काडतूस, सहा मोठ्या छऱ्यांचे काडतूस, तेलाचे दोन रिकामे पिपे, ओली काळी माती. पुढे कृती, निरीक्षण, अनुमान. अक्षर सुंदर आहे. चुकीचं काही लिहिताना माझं अक्षर नेहमीच सुंदर आलेलं आहे.

पुरुषोत्तमभाऊ बंदुकीचे शौकीन नव्हते. बंदूक त्यांना वडिलांकडून आली, वडिलांच्या नियमांसकट. जनावर वीस पावलांच्या आत आल्याशिवाय घोडा ओढायचा नाही. एकगोळीच वापरायची. आणि एकदा गोळी लागली की जनावर पडेपर्यंत माग सोडायचा नाही, मग जेवण राहो की लग्नाची पंगत. वर्षाला एखादं डुक्कर पडायचं, कधी तेही नाही. जास्त काम बंदुकीच्या आवाजानेच व्हायचं. पण त्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशन तूर निघाल्यावर करू, असं त्यांचं चाललेलं. दिवस मावळताना समोरचं डुक्कर त्यांना धुऱ्यावरच्या झुडपासारखं दिसायचं. ओळीने दोनदा त्यांचा नेम चुकला. दुसऱ्या वेळी ते माझ्याकडे येऊन ओट्यावर नुसते बसून राहिले. चहा निवला तरी कप उचलला नाही.

"मास्तर, हात कापत नाई माह्या. डोयेच धोका देऊन राह्यले."

मला त्यांचं वाईट वाटलं हे खरं. आणि मला एक सुरेख प्रयोग सुचला हेही खरं. एक गोळी चुकते, पण सहा छर्रे पसरतात, त्यातले दोन-तीन तरी लागणारच. प्रश्न एवढाच की त्यांचा परिणाम पुरेसा होतो का. ते मोजता येईल, मी म्हणालो.

नाल्याकाठची ती दुपार मला आजही आवडते, आणि ती आवडते याचीच लाज वाटते. ऊन कोवळं होतं, पळसाची पानं पडत होती. आम्ही दोघांनी बाह्या वर करून नाल्यातली काळी माती पिप्यांत थापून भरली, पोरासोरांसारखी. तीस पावलं मी मोजली. पाठीमागे नाल्याचा उंच काठ होता. पुरुषोत्तमभाऊंनी आधी एकगोळी झाडली. पिप्याला पुढून एक भोक, मागून एक भोक, आतली माती जवळपास तशीच. मग छर्रा. या वेळी पिपा हलला, वरची माती उडाली, पुढचा पत्रा चाळणीसारखा झाला. आत हात घातला तर मनगटापर्यंत नुसता लगदा. मी खूश झालो. मातीचे हात तसेच घेऊन वहीत लिहिलं: छऱ्याने झालेली नासधूस कितीतरी अधिक. अनुमान: छर्रे सरस.

पुरुषोत्तमभाऊ एकगोळीच्या पिप्याच्या मागच्या भोकात बोट घालून बघत होते. ते म्हणाले, "ते आरपार गेली नं, मास्तर. छर्रा आतच राह्यला."

"आत राहिला म्हणजे सगळा जोर आतच खर्च झाला," मी समजावलं.

"माती काई डुक्कर नोहे."

मी हसलो. ते माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे, पण शिकलेले सातवी. त्यांनी माझ्या हसण्याचा मान राखला. हे वाक्य मी आता वहीत लिहून ठेवलं आहे, अनुमानाच्या खाली, पेन्सिलीने. तेव्हा लिहिलं असतं तर काही कामाचं होतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर वावरात होतो. दिवस टेकडीआड गेला होता पण उजेड होता. शेजारच्या वावरात कापूस होता, मधे मधे तुरीच्या ओळींचे तास, आणि त्या तासांतून ते डुक्कर आलं. एकटं, मोठं, अंगावर नाल्यातला गाळ घट्ट वाळलेला. पांढुरकं दिसत होतं. काळी माती वाळली की अशी राखेसारखी दिसते. चाळीस पावलं तरी असेल. वडिलांच्या नियमाने तो बार काढायचाच नव्हता. पण छऱ्याला चाळीस पावलं चालतील, असं मी सांगून बसलो होतो. बार झाला. डुक्कर किंचाळलं, पुढच्या पायावर बसलं, उठलं आणि आलं त्याच तासात शिरलं. तुरीच्या खाली तीन ठिकाणी रक्त सापडलं. थेंब थेंब. चौथं ठिकाण सापडेना.

पुरुषोत्तमभाऊ माग धरायला निघाले होते. मी त्यांचा हात धरला. भाऊ, तुम्हाला दिसत नाही, म्हणालो, उगाच अंगावर येईल. छर्रा लागलाय, रातोरात मरून पडेल. उद्या दुपारी मी आलो की दोघं मिळून शोधू, तोवर एकटे जाऊ नका. शेजारच्या वावरवाल्याला सांगायचं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, आधी सापडू तर द्या. सांगितलं की गावभर बोभाटा होईल, जखमी जनावर सुटलं तर वनखात्याला कळवायचं असतं, तेही आलं. ही कारणं खोटी नव्हती. पण खरं कारण असं की माझा प्रयोग फसला असं कोणी म्हणण्याआधी मला ते डुक्कर मेलेलं बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सात वाजताच्या बसने मी आठवीची चार पोरं घेऊन समुद्रपूरला विज्ञान प्रदर्शनाला गेलो. पुरुषोत्तमभाऊ मी सांगितल्याप्रमाणे माझी वाट बघत घरी थांबले. साडेआठला वेचणाऱ्या बाया शेजारच्या वावरात शिरल्या. कमरेला कापसाच्या ओट्या बांधलेल्या, डोक्यावर रुमाल, गप्पा चाललेल्या. सगळ्यांच्या पुढे निर्मलाबाई होत्या, कारण त्यांचा हात सगळ्यांत चलाख. तिसऱ्या तासात तुरीखाली ते डुक्कर पडलेलं होतं. मेलेलं नव्हतं.

त्यांची मांडी गुडघ्यापासून वरपर्यंत फाटली. बायांनी लुगड्याने बांधलं, कोणाच्या तरी गाडीत घालून सावंगीच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पाय वाचवला, पण तो वाकत नाही. मला प्रदर्शनात फोन आला तेव्हा आमच्या शाळेला दुसरा नंबर मिळाल्याचं जाहीर होत होतं. पोरं टाळ्या वाजवत होती, मीही वाजवल्या, कारण हात आधीच वर गेलेले होते.

डुक्कर तिथून उठून नाल्याकडे गेलं, सापडलं नाही. निर्मलाबाई घरी परतल्यावर भरपाईसाठी अर्ज लिहायचा होता. गावात अर्ज लिहायचा म्हटलं की लोक माझ्याकडे येतात. त्यांचा भाऊ मला बोलवायला आला. त्या खाटेवर पडून होत्या, मी स्टुलावर. मधून मधून त्या काहीबाही पुटपुटत होत्या, दुखण्याच्या भरात असेल. मी लिहिलं, "मी कापूस वेचत असताना एका रानडुकराने अचानक माझ्यावर हल्ला केला." वाचून दाखवलं, अंगठा घेतला. पंचनाम्यातही पुढे तेच वाक्य आलं. 'अचानक' हा शब्द माझा.

अर्ज लिहिल्यावर चार दिवसांनी मी एकटाच नाल्यावर गेलो. काठावर एक बाभूळ आहे, डुकरं तिला अंग घासतात, बुंधा गुळगुळीत झालाय. खाली वाळलेल्या मातीच्या खपल्या पडल्या होत्या, केस चिकटलेल्या, खापरासारख्या टणक. त्यातली एक मी उचलली. तिच्यात छर्रा रुतला होता. चपटा झालेला, टिकलीएवढा. मी तिथेच खाली बसलो. तपासलं होतं ओल्या मातीवर, आणि डुक्कर आलं होतं तीच माती वाळवून अंगावर घालून. खाली खांद्याची जाड कातडी, तिच्याखाली हाड. पसरलेले छर्रे तिथवर दमून गेले होते. जड गोळी गेली असती. माझ्याच पिप्याने मला तेच सांगितलं होतं, मी नासधूस मोजली आणि खोली मोजायची विसरलो. खपली मी खडूच्या डब्यात ठेवली. सांगितलं कोणालाच नाही.

त्यानंतर पुरुषोत्तमभाऊंनी बंदूक हातात धरली नाही. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, लख्ख दिसायला लागलं, तरी नाही. दरवर्षी तूर निघाली की पहिल्या डाळीची पायली ते निर्मलाबाईंच्या घरी पोचवायचे. का, ते तिथे कधी बोलले नाहीत. शेवटच्या आजारात एकदा मला म्हणाले, "मास्तर, आपून त्या बाईले सांगाले पाह्यजे होतं." मी त्यांची चादर सारखी केली आणि म्हणालो, आता झोपा. त्यांच्यामागून डाळ मी देत नाही. माझ्याकडे वावर नाही ना, ही सबब मला बरी सापडली आहे.

नितीन गेल्यावर त्या माणसाचा तो व्हिडिओ मी माझ्या मोबाइलवर शोधून पुन्हा बघितला, तीनदा. शेवटी तो पिस्तूल खाली ठेवून शांतपणे बोलतो. त्याच्या इंग्रजीतून मला जेवढं कळलं ते असं की फुगणारी गोळी हाडावर आपटली तर तिथेच संपते, जेली बघून भुलू नका, आणि जनावराला हाल न होता मरण यावं एवढं आपण त्याचं देणं लागतो. पुरुषोत्तमभाऊंच्या वडिलांनी हे जेलीशिवाय सांगितलं होतं. पण त्याच्या तक्त्यातही दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रानात कोण शिरणार आहे, यासाठी रकाना नव्हता.

मी खडूचा डबा पिशवीत घातला आणि सकाळी निर्मलाबाईंकडे गेलो. बुद्धविहाराच्या मागे त्यांचं घर आहे. अंगणात एक पाय सरळ पुढे पसरून त्या शेंगा सोलत होत्या. त्या आता वेचायला जाऊ शकत नाहीत, बसून होतील ती कामं करतात. मला बघून त्यांनी पदर सारखा केला आणि स्टूल दाखवलं. तेच स्टूल होतं.

मी न थांबता सगळं सांगितलं. पिपे, चाळीस पावलं, रक्ताचे थेंब, सातची बस. डबा उघडून खपली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटीपालटी केली, नखाने छर्रा टोकरून पाहिला.

"एवढंसंच?"

"हो."

"मले ठाऊक होतं, सर."

खपली त्यांनी सुपाच्या काठावर ठेवली.

"त्याच्या खांद्यावरचा चिखल फुटला होता. आत लाल होतं, माशा बसल्या होत्या. मी तुमाले सांगतलं तं होतं. तुमी इथंच बसून अर्ज लिवून राह्यले होते. मी मनलं, सर, त्याले आधीच लागलं होतं. तुमी मनलं, बाई, बोलू नका, तरास होईन."

वर लिहिलं आहे की त्या काहीबाही पुटपुटत होत्या. ते तसं नव्हतं. त्या दोनदा बोलल्या, स्वच्छ बोलल्या, आणि मी दोन्ही वेळा ऐकलं. दुसऱ्या वेळी माझं पेन थांबलं होतं, कागदावर शाईचा ठिपका पडला होता. नऊ वर्षं मी स्वतःला पुटपुटणंच सांगत आलो, इतकं की हा लेख लिहायला बसलो तेव्हाही हाताने तेच लिहिलं. मी ते खोडलेलं नाही.

"मंग दुसऱ्या कोनाले काऊन नाई सांगतलं?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं. आवाज माझाच वाटेना.

"कोनाले सांगू? अर्ज लिवनारे तुमी. माह्या पोरीचे मास्तर तुमी." त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सरकवलं. "भाऊ डाळ घेऊन येत. मी दरसाल मनो, आज बोलतीन. ते डाळ ठेवत आन पायाकडं पाहत. तुमी तं इकून जाणंच सोडलं."

मग मी नितीनचं सांगितलं. परवान्याचं काम शेवटाला आलंय, त्या आज बोलल्या तर ते अडेलही, आणि त्यांनी बोलायचं ठरवलं तर मी त्यांच्या बाजूने उभा राहीन. त्यांनी सूप पुन्हा पुढे ओढून चार शेंगा सोलल्या. शेजारच्या घरी कुकरची शिट्टी झाली.

"त्याले मारू नको मनत नाई मी. डुकरं माह्या भावाचाबी हरभरा खाऊन राह्यले. पण त्याले सांगजा, मारलं आन पडलं नाई, तं त्याच सांजेले आमच्या मोहल्ल्यात येऊन सांगजो. सकाऊन बाया वावरात जायच्या आधी."

खपली त्यांनी मला परत दिली. हे तुमचं, तुमीच ठेवा, म्हणाल्या. मग घराकडे बघून सुनेला हाक मारली, वही-पेन आन वं. सून कोरं पान फाडून घेऊन आली.

"अर्ज लिवा पुन्ना. मी सांगतो तसा."

"कोणाला द्यायचा आहे?"

"कोनाले नाई. सावंगीच्या फाइलीत पह्यल्या अर्जाची झेराक्स आहे, तिच्यासंग ठेवतो."

मी मांडीवर पाट घेऊन लिहिलं. त्या सांगत होत्या, मी लिहीत होतो, त्यांच्याच शब्दांत, 'ले'ला 'ले' आणि 'मले'ला 'मले'. डुक्कर तुरीखाली पडून होतं. त्याले आधीच लागलं होतं. ज्याईनं मारलं त्याईनं सांगतलं नाई. खाली मी माझं पूर्ण नाव लिहिलं, तारीख घातली. या वेळी अक्षर काही सुंदर आलं नाही.

त्यांनी कागद हातात घेतला. त्यांना वाचता येत नाही, तरी त्या ओळींवरून बोट फिरवत राहिल्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग बोट थांबवून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"याच्यात 'अचानक' तं नाई ना लिवलं, सर?"

"नाही," मी म्हणालो. त्यांनी तो कागद सुनेच्या हातात दिला आणि म्हणाल्या, वाचून पाह्य.